केलेपीची बेरीज

आमच्या गावात कोणाचा फ्रीझर बंद पडला, कोणाच्या होडीची बॅटरी उतरली किंवा देवळातला, म्हणजे आमच्या चर्चमधला, पंखा नुसताच गुरगुरायला लागला, की केलेपीला बोलावतात. तो येतो, वस्तूभोवती एक फेरी मारतो, "हं" म्हणतो, आणि पुष्कळदा वस्तू त्या "हं"लाच घाबरून सुरू होते. मी त्याचा शेजारी फिलिमोने, गावचा पाववाला. गायनमंडळात आम्ही दोघे खर्जात उभे राहतो, तो उजवीकडे आणि मी डावीकडे. तीस वर्षं मी त्याच्या कानात गातोय आणि तो माझ्या. त्याच्याविषयी मी जे सांगणार आहे त्यातलं निम्मं त्याला आवडणार नाही, पण तो वाचण्यातला माणूस नव्हे, दुरुस्तीतला आहे.

त्याचे वडील पेनिसिमानी चाळीस वर्षं आमच्या मंडळाचे प्रमुख होते. त्यांनी दोनशेच्या वर गाणी बांधली. आम्ही टोंगा बेटांवरची माणसं गाणं आकड्यांत लिहितो, तीनपासून नऊपर्यंत. सा म्हणजे तीन, रे म्हणजे चार, असं वर चढत जायचं. एक आणि दोन का घेतले नाहीत असं म्हाताऱ्यांना विचारलं तर ते सांगत नाहीत, एकमेकांकडे बघून हसतात. तर म्हातारा गेल्यावर त्याच्या आकड्यांनी भरलेल्या वह्या केलेपीकडे आल्या. त्याने दोन बोटांनी टपटप करत सगळी गाणी कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेतली. पुढच्याच वर्षी वादळ आलं, त्याच्या घराचं छप्पर उडून समुद्रात गेलं आणि वह्या छपरामागोमाग गेल्या. टंकलेलं तेवढं राहिलं. तेव्हापासून या माणसाच्या डोक्यात एक किडा वळवळायला लागला. जी वस्तू एकाच जागी आहे ती गेलेलीच समजा, असं तो ज्याला त्याला सांगत सुटला. माझ्या पावालाही त्याने हे लावून पाहिलं.

एका शुक्रवारी सरावाच्या आधी तो खडू घेऊन फळ्यापाशी उभा राहिला. आमच्या गाण्यात चार गट असतात. बायकांचा पहिला सूर आणि दुसरा सूर, मग पुरुषांचा तिसरा, आणि सगळ्यात खाली आम्ही, म्हणजे खर्ज. त्याने एकाखाली एक आठ, पाच, सात, तीन असे चार आकडे लिहिले आणि तळाला बेरीज लिहिली, तेवीस. मग बाहीने पाच पुसला आणि विचारलं, कोण गेला ते सांगा. सगळ्या मंडळाने एका आवाजात पाच असं सांगितलं. तेवीसमधून बाकीचे तीन वजा करायचे, एवढीच गोष्ट. त्याने आठ पुसला, आम्ही आठ सांगितला. तीन पुसला, आम्ही तीन सांगितला. बायका हसायला लागल्या. नवऱ्यांना असं पुसून परत आणता येईल का, असं पहिल्या सुरातून कोणीतरी विचारलं.

त्याची युक्ती अशी की पाच पेन ड्राइव्ह घ्यायचे. चारांत चार सूर आणि पाचव्यात गाणं नाहीच, नुसती बेरीज. कुठलाही एक कुजला, किडला, हरवला तरी उरलेल्या चारांतून तो जसाच्या तसा परत. मग कॉम्प्युटरमधलं त्याने पुसूनच टाकलं, जागा अडते म्हणून. ओळखायला त्याने त्यांना दोरे बांधले होते. पहिल्याला एक गाठ, दुसऱ्याला दोन, खर्जाला चार, बेरजेला बिनगाठीचा दोरा.

मी विचारलं, दोन पुसले तर? त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याच्या बायकोविषयी काही बोललो. तरी त्याने दोन पुसले. बेरजेतून उरलेले दोन वजा जाऊन हातात दहा राहिले. आता हे दहा म्हणजे सात आणि तीन, की सहा आणि चार, की पाच आणि पाच? पहिला सूर एक म्हणे, दुसरा सूर दुसरं म्हणे, आणि वरचे पुरुष नेहमीप्रमाणे बायका म्हणतील त्याच्या उलट म्हणत होते. केलेपीने फळा पुसून टाकला. दोन कशाला जातील एकदम, असं म्हणून त्याने तो विषय मिटवला.

आता एवढं डोकं चालवणाऱ्या माणसाने ते पाच ड्राइव्ह ठेवावेत कुठे? त्याने ते एका हातरुमालात बांधले आणि पलंगाखालच्या सगळ्यात चांगल्या चटईच्या गुंडाळीत खुपसले. त्याचंही चुकलं म्हणवत नाही. आमच्याकडे मोलाची वस्तू चटईतच ठेवतात. तिथे पाऊस पोचत नाही, झुरळ पोचत नाही, कापराचा वास असतो आणि वर माणूस झोपलेला असतो. पण पाचही एकाच गुंडाळीत. आणि सांगितलं कोणालाच नाही, बायकोलासुद्धा नाही, कारण म्हणे गुपित तेवढं सुरक्षित.

चटई ही बसायची वस्तू नव्हे, द्यायची. लग्नाला द्यायची, मयताला न्यायची, एकाने दिली की दुसऱ्याने पुढे द्यायची. एखादी चटई घरात फार दिवस राहिली तर लोक विचारायला लागतात, यांच्यात कोणी मरत नाही की काय.

त्यात तोआकासे आत्या. पेनिसिमानींची धाकटी बहीण, एक्क्याऐंशी वर्षांची. आत्या म्हणजे आमच्याकडे घरातली सगळ्यात वरची व्यक्ती. भाऊ बहिणीला चारचौघांत उलट बोलत नाही आणि भाचे तर तिच्या शब्दाबाहेर पाऊल टाकत नाहीत. तिने डुकराला मांजर म्हटलं तर आम्ही दुधाची वाटी आणून ठेवू. केलेपीने आयुष्यभर तिला "बरोबर आहे आत्या" याखेरीज काही उत्तर दिलेलं मी ऐकलं नाही. एकदा तिने सांगितलं म्हणून तो बंदराकडे जायला निघून विमानतळावर पोचला होता.

देवळाच्या उद्घाटनासाठी पेनिसिमानींनी बांधलेलं एक मोठं गाणं होतं. ते पुढे दर वर्धापनदिनाला व्हायचं. ते गेले त्या दिवशी आत्याने सांगितलं, हे गाणं आता झाकून ठेवा. झाकलं. चौदा वर्षं कोणी गुणगुणलंसुद्धा नाही. तेवढ्या काळात जुन्या खर्जातले निम्मे वारले आणि निम्मे ऑकलंडला गेले. मी आणि केलेपी तेव्हा वरच्या पुरुषांत होतो. आमचे आवाज नंतर वयाने आणि कावा, म्हणजे आमचं झिंगवणारं मुळीचं पेय, पिऊन खाली बसले.

या वर्षी आत्याची मूत्रपिंडं थकली. मुलीने तिला ऑकलंडला न्यायचं ठरवलं. परत यायचं तिकीट काढलेलं नव्हतं, आणि त्याविषयी कोणी बोलतही नव्हतं. जायच्या आदल्या सोमवारी ती सरावाला आली, काठी टेकवली आणि म्हणाली, "गाणं उघडते. रविवारी म्हणा. मी माझ्या जागेवर उभी राहीन. दुसऱ्या दिवशी विमान आहे."

केलेपी तिथून जो निघाला तो धावतच. मी मागे. लेसिएली, त्याची बायको, ओट्यावर अळकुड्या सोलत बसली होती. तो आत जाऊन पलंगाखाली शिरला. फक्त पाय बाहेर होते.

"चटई कुठाय?" पलंगाखालून आवाज आला.

"कुठली?"

"इथली. दुपदरी. लोकरीच्या झालरीची."

"ती? ती शाळेतल्या मास्तरांची आई गेली तेव्हा नेली ना. ईस्टरच्या आधी. तुला विचारलं होतं मी. तू हं म्हणालास."

पाय पलंगाखाली आणखी आत गेले.

मग मंगळवारी आणि बुधवारी आम्ही माझ्या पावाच्या गाडीतून चटईमागे फिरलो. हसू नका, पण माझ्या आयुष्यातले ते फार मजेचे दोन दिवस होते. दिलेली चटई परत मागणं म्हणजे स्वतःच्या हाताने नाक कापून घेणं. म्हणून प्रत्येक घरी आधी बसायचं, तब्येती विचारायच्या, नारळाच्या दुधात शिजलेली अळूची पानं खायची, आणि दुसऱ्या वाढपानंतर सहज आठवल्यासारखं म्हणायचं, त्या चटईत काही लहानसं होतं का हो? ताकाला जाऊन भांडं लपवायचा एवढा सराव मला पूर्वी नव्हता.

मास्तरांनी लगेच सांगितलं, होतं तर. त्यांना वाटलं चटईबरोबर हल्ली असं काहीतरी द्यायची पद्धत निघाली असेल. एक ड्राइव्ह त्यांनी ठेवून घेतला, त्यावरचं ते आकड्याबिकड्यांचं पुसलं आणि रग्बीचे सामने भरले. दोन गाठींचा दोरा अजून लोंबत होता. म्हणजे दुसरा सूर गेला. त्यांनी आम्हाला सामना लावून दाखवला. आम्ही पूर्ण पाहिला, कारण मधूनच उठणं बरं दिसलं नसतं, आणि शेवटी शेवटी तर केलेपी ओरडायलाही लागला होता. बाकीचं त्यांनी चटईतच ठेवून मेहुणीच्या लग्नात दिलं होतं.

नवरीच्या आईकडे पहिला सूर किल्ल्यांच्या जुडग्यात सापडला. तिसरा टेबलाच्या लंगड्या पायाखाली होता. बेरीज शिवणाच्या डब्यात बटणांत पडली होती. खर्ज मात्र तिने पाहिलाच नव्हता. चटई तिच्याकडून बंदरावर तिकिटं देणाऱ्या बाईकडे गेली होती. तिथे आम्ही ती उलगडली, झटकली, झालरीत बोटं घातली. काही नाही. बाई बिचारी विचारत राहिली, काय शोधताय. केलेपी म्हणाला, बाबांना शोधतोय. तिने छातीवर क्रूस काढला.

बुधवारी संध्याकाळी तो ओट्यावर बसून होता. पाचातले दोन गेले होते, दुसरा सूर आणि खर्ज. मी तेव्हाच सांगितलं होतं, असं मी त्याला मुळीच ऐकवलं नाही. म्हणजे दोनदाच ऐकवलं.

त्याने तरी बसल्या बसल्या वजाबाकी करून पाहिली. बेरजेतून पहिला गेला, तिसरा गेला, आणि प्रत्येक मात्रेला एक आकडा उरला, दहा, अकरा, नऊ, बारा. खर्ज आणि दुसरा सूर एकमेकांत मिसळून बसलेले. वडील त्या आकड्यांत होते आणि वेगळे काढता येत नव्हते. तो म्हणाला, सगळंच गेलं असतं तर बरं होतं. मला तेव्हा त्याची खरंच कीव आली आणि मी तिसऱ्यांदा काही म्हणालो नाही.

लेसिएली आतून हात पुसत आली. तिने ते आकडे पाहिले, आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "दुसरा सूर मास्तरांनी पुसला. आत्यांच्या घशातला कोणी पुसलाय?"

केलेपी उठला तो चप्पल न घालताच. आत्याने चाळीस वर्षं दुसरा सूर गायला होता. तिने म्हणायचं, यांनी लिहायचं, वजा करायचं, आणि उरेल तो खर्ज. एक परत मिळाला की दुसरा आपोआप. मला तर तिथेच नाचावंसं वाटलं. माझ्या वजनाला ओटा पुरला नसता म्हणून नाचलो नाही.

गुरुवारी सकाळी आम्ही आत्याकडे बसलो. ती डोळे मिटून म्हणत होती. आवाज म्हातारा झाला होता, पण सूर खिळा ठोकल्यासारखा बसत होता. केलेपी आकडा लिही, लेसिएली वजा करी, आणि जो निघे तो मी म्हणे. तीन. तीन. सहा. सात. तीन. आधी नुसते आकडे, मग चार-चार, मग ओळ. चौदा वर्षांनी पेनिसिमानींचा खर्ज त्या खोलीत उभा राहत होता, वजाबाकीतून. त्यांच्या खर्जाला एक सवय होती, ओळीच्या शेवटी पायऱ्या उतरून घरी यायची. ती सवय आकड्यांत दिसली तेव्हा लेसिएली रडायला लागली आणि रडता रडता वजा करत राहिली. आम्ही तिघेही पार वेडे झालो होतो. आत्या मध्येच डोळे उघडून विचारायची, बरोबर येतंय ना रे? केलेपी म्हणायचा, बरोबर आहे आत्या.

शेवटच्या कडव्यात घोटाळा झाला. आधीच्या सगळ्या कडव्यांत एका जागी पहिला सूर सातावर, तिसरा पाचावर, आत्याही सातावर आणि खर्ज खाली तीनवर येई. बेरीज बावीस. शेवटच्या कडव्यात त्याच जागी आत्याने आठ म्हटला. आणि पाहतो तर तिथे बेरीज होती अठ्ठावीस. सात गेले, पाच गेले, आत्याचे आठ गेले. उरले आठ. म्हणजे खर्जाने घरी येण्याऐवजी जिना चढून माडीवर जायचं. मी म्हणून पाहिलं. कोणीतरी माझ्या पायावर पाय दिल्यासारखं वाटलं.

केलेपीने पेन झटकलं आणि म्हणाला, पेन चालेना, आत्या पुन्हा म्हणता का. आठ. मग कागद उडाला. आठ. मग कोंबडा ओरडला म्हणून नीट ऐकू आलं नाही. आत्या म्हणाली, "आठ रे बाळा. तुझ्या कोंबड्याला पण सांग."

बाहेर आल्यावर आम्ही दोघांनी ठरवलं की आत्या चुकतेय. एक्क्याऐंशी वर्षं झाली, शेवटच्या कडव्यात दम तुटणार, सूर सरकणार. आणि मग बेरीज? बेरीज केलेपीने दोन बोटांनी टंकलेली, बावीसचे अठ्ठावीस व्हायला कितीसा वेळ लागतो. आता मला कळतं की एक साक्षीदार घरात बसलेला, दुसरा बटणांच्या डब्यात, दोघांची भेट नाही, आणि दोघे एकच गोष्ट सांगतायत, तर माणसाने जरा थांबून डोकं खाजवावं. आम्ही दोघांनाही खोटं ठरवलं. केलेपीने आत्याचा आठ खोडून सात केला, खर्जात तीन लिहिला, आणि बेरजेत जाऊन अठ्ठावीसचे बावीस केले. मग तपासलं. जुळलं. जुळणारच की, जुळवलं होतं त्याने.

आत्याला सांगायचं कोणी? कोणीच नाही. ती आठ म्हणेल, भोवतीच्या, नंतर आलेल्या सहा बायका सात म्हणतील आणि तिचा आठ त्यांच्या सातात बुडून जाईल, असा आमचा शहाणपणाचा बेत होता.

शनिवारी दुपारी शेवटचा सराव झाला. दालनात पाय ठेवायला जागा नव्हती. तिकीटवाली बाई ती चटई खांद्यावर घेऊन आली. आत्या निघाल्यात म्हणून तिने ती निरोपाची भेट दिली आणि पुढे खुर्चीवर घडी घालून ठेवली. मी आणि केलेपीने एकमेकांकडे पाहणं टाळलं.

गाणं सुरू झालं आणि माझ्या अंगावर काटा आला. एवढी माणसं, चार सूर, छपराचे पत्रे थरथरत होते. शेवटचं कडवं आलं. ती जागा आली. बायका सातावर, आम्ही तीनवर, आणि त्यात आत्याचा आठ. म्हातारा होता, पण बुडाला नाही. दुधात लिंबू पडावं तसं झालं. सगळ्यांनी ऐकलं. आत्यानेही ऐकलं.

ती गायची थांबली. मग मंडळ थांबलं.

"माझं काही चुकतंय का?" तिने विचारलं.

 बायका जमिनीकडे बघायला लागल्या. केलेपीने तोंड उघडलं आणि जे आयुष्यभर म्हटलं तेच म्हणाला, बरोबर आहे आत्या. पण त्याचा आवाज त्याला साथ देत नव्हता, आणि ती काही मूर्ख नव्हे. तिने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. "तुम्ही म्हणा," ती म्हणाली. "छान म्हणता. मी उद्या बसूनच ऐकेन." आणि काठी टेकत जाऊन चटईच्या घडीवर बसली.

मी पाववाला माणूस, मला बोलता येत नाही. पण त्या क्षणी आपण काहीतरी फार वाईट केलंय हे मला कळलं. या म्हातारीला उद्यानंतर इथे गायचं नव्हतं, आणि ते उद्याचंही आम्ही तिच्याकडून काढून घेतलं होतं.

आत्या चटईवर चुळबुळ करत होती. इकडे सरकली, तिकडे सरकली. शेवटी मला हाक मारून म्हणाली, "फिलिमोने, या चटईत खडा आहे."

दुपदरी चटई. दोन पदरांच्या मधे, झालरीपाशी, उसवलेल्या टाक्यातून काहीतरी आत सरकलं होतं. लेसिएलीने केसातली पिन काढून ते बाहेर ओढलं. चार गाठींचा दोरा. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. आम्ही अर्ध्या बेटावर जेवून आलो आणि खर्ज आत्याच्या बुडाखाली.

केलेपीने त्याचा जुना कॉम्प्युटर मांडीवर घेतला. मंडळ त्याच्या पाठीवर रेललं. पाय ओढत एकदाची ती फाइल उघडली. तो थेट शेवटच्या कडव्याकडे गेला. त्या जागी आठ होता. त्याच्यापुढे कंसात त्याचीच टीप होती, वह्या उतरवताना चौदा वर्षांपूर्वी टंकलेली आणि तो स्वतः साफ विसरलेला. इथे बाबांनी तीन खोडून आठ लिहिला आहे. शाई वेगळी. कारण माहीत नाही.

त्याने त्या ओळीवरून बोट फिरवलं. मग आम्हा खर्जवाल्यांकडे वळून हळूच म्हणाला, "आठ. आणि दुसऱ्या सुराच्या बायकांनो, तुम्हीपण आठ. मी चुकलो होतो."

आम्ही कडवं पुन्हा धरलं. त्या जागी घरी न उतरता वर चढलो. मागे एकट्याने म्हटलं तेव्हा जे पायावर पाय दिल्यासारखं वाटलं होतं, ते चार सुरांत मिसळल्यावर असं काही झालं की माझी पुढची मात्रा हुकली. घरी पोचायच्या आधी माणूस दारात थांबतो आणि मागे वळून बघतो, तसं. आत्या चटईवरून उठली नाही. "पुन्हा म्हणा," एवढंच म्हणाली. पुन्हा म्हटलं. या वेळी तिने बसल्या जागेवरून तिचा आठ लावला. आमचा खर्ज बरोबर त्याच्याखाली जाऊन उभा राहिला.

"हां," ती म्हणाली. "हे असंच होतं." मग काठीच्या मुठीवर हनुवटी टेकून स्वतःशीच बोलल्यासारखी सांगायला लागली. "मला तिथे कधी सातावर थांबताच यायचं नाही. बाकीच्या कडव्यांत यायचं. शेवटच्यात समोर त्याचं तोंड दिसायचं, मन भरून यायचं आणि सूर वर जायचा. दर वेळी वाटायचं, आज हा हात वर करून थांबवणार. एकदा नाही थांबवलं. बाकीच्यांवर केवढा ओरडायचा. मला वाटायचं, याला माझा सूर ऐकूच जात नाही."

केलेपीने कॉम्प्युटर मिटला. ती टीप त्याने तिला वाचून दाखवली नाही. दाखवली असती तर सांगावं लागलं असतं की आधी तिथे तीन होता आणि ती चुकत होती. भाऊ बहिणीला चूक म्हणू शकत नव्हता. म्हणून त्याने एके दिवशी वेगळ्या शाईचं पेन घेतलं आणि सगळा खर्ज उचलून तिच्या सुराखाली नेऊन ठेवला, आणि मरेपर्यंत कोणाला बोलला नाही. हे मी सांगतोय. केलेपीने मला घरी जाताना रस्त्यात एवढंच सांगितलं, की बेरीज खरं बोलत होती, आत्या खरं बोलत होती, आणि दुरुस्त करायला गेलो तो मी. मग तो हसायला लागला. मीही लागलो. आम्ही दोघे पन्नाशी उलटलेले बाप्ये रस्त्याच्या कडेला पोट धरून हसत होतो आणि डोळे पुसत होतो, आणि येणारी-जाणारी माणसं म्हणत होती, यांनी आज लवकर सुरुवात केली.

आता ते पाच ड्राइव्ह पाच गावांत पाच घरी असतात. खर्ज माझ्याकडे आहे. कुठे, ते सांगणार नाही, पण माझ्या पावात कोणाला काही टोचलं तर आणून द्यावं.

रविवारी देऊळ खचाखच भरलं होतं. आत्या तिच्या जागेवर, दुसऱ्या सुराच्या पहिल्या रांगेत, काठी न घेता उभी राहिली. शेवटचं कडवं आलं, ती जागा आली. तिचा सूर वर गेला आणि गावाचा सगळा खर्ज त्याच्यामागून वर गेला. माझ्या शेजारी केलेपी गात नव्हता. नुसता आ वासून उभा होता, आणि मी त्याच्या वाटणीचंही म्हटलं.

बाहेर चिंचेखाली माणसांनी आत्याला घेरलं होतं. तिने सगळ्यांना बाजूला सारलं आणि केलेपीचा दंड धरला.

"खरं सांग," ती म्हणाली. "बरोबर म्हटलं ना मी?"

"बरोबर आहे आत्या," केलेपी म्हणाला.

तिने त्याच्या डोळ्यांत नीट पाहिलं, शनिवारी पाहिलं होतं तसंच. या वेळी तिला तिथे काही सापडलं नाही. तिने मान हलवली, दंड सोडला आणि जेवायला चला म्हणाली.